छायाचित्राप्रमाणे झोपलेला मालक

प्रति,
मा. मुख्य जतन अधिकारी,
ऐतिहासिक घरे व मालमत्ता जतन कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : मोठ्या घरातील अभ्यासिकेच्या अधिकृत छायाचित्रात अर्जदार झोपलेला आढळल्यामुळे उद्भवलेल्या परिस्थितीतून सुटका मिळणेबाबत.

संदर्भ : १) ‘आपण वृद्ध होत असल्याबाबत त्वरित खुलासा करावा’ हे आपल्या कार्यालयाचे पत्र.
२) माझा खुलासा.
३) खुलासा असमाधानकारक असल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

आमच्या घराण्याने आजवर कोणापुढे मान तुकवलेली नाही, कोणाच्या दारात तिष्ठत उभे राहिलेले नाही आणि कोणाकडे कसलाही अर्ज केलेला नाही. अर्ज लोक आमच्याकडे करीत. परिणामी अर्ज कसा लिहितात याची मला यत्किंचितही माहिती नसल्याने, प्रस्तुत अर्ज मी आमच्या दप्तरात सापडलेल्या एका जुन्या अर्जावरून बेतला आहे. तो एका मेंढपाळाने माझ्या आजोबांकडे कुरणात मेंढ्या चारू देण्याबाबत केला होता व आजोबांनी तो फेटाळला होता. मजकुरात कुठे चुकून मेंढ्यांचा उल्लेख राहून गेला असल्यास तो माझ्यासंबंधी समजावा.

१. मी सदर इस्टेटीचा मालक आहे. उमराव म्हणजे सकाळी घोड्यावर आणि संध्याकाळी गच्चीवर, अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते. माझी उमेदीची वर्षे पन्हाळीतला पाला काढण्यात गेली. मोठ्या घराच्या प्रत्येक दाराला स्वतंत्र किल्ली आहे व एकही किल्ली आपल्या दाराला लागत नाही. दिवाणखान्यातले पणजोबा दर थंडीत खिळ्यावरून घसरतात, त्यांना दर थंडीत वर चढवावे लागते. तबेल्यात घोडे नाहीत, कबुतरे आहेत, आणि ती घोड्यांपेक्षा जास्त खातात. इस्टेटीवरच्या दोन कुळांत एका कुंपणावरून भांडण आहे. ते त्यांच्या वडिलांनी सुरू केले, मुलांनी वाढवले आणि निवाडा मात्र प्रत्येक पिढीत आमच्याकडे. तळ्याच्या तोंडाशी पाणी सोडायची एक लाकडी फळी आहे. ती किती उचलायची हे ठरवणे हा मालकाचा सर्वांत मोठा अधिकार. बाकीचे अधिकार कालौघात गेले, फळी राहिली.

२. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडचे छप्पर बसू लागले. त्या वेळी माझ्यासमोर दोनच मार्ग होते. एक म्हणजे तो कंत्राटदार, ज्याला मोठ्या घराचे हॉटेल आणि तबेल्याचा पोहण्याचा तलाव करायचा होता. दुसरा म्हणजे आपले कार्यालय. आपले कार्यालय छप्पर बांधून देणार होते आणि इस्टेटीवरच्या सर्व कुटुंबांना आपापल्या घरात राहू देणार होते. मोबदल्यात मालकाने मुख्य खोल्या अधिकृत छायाचित्राप्रमाणे तंतोतंत कायम ठेवायच्या होत्या. त्यात कसूर झाल्यास करार रद्द, इस्टेट लिलावात आणि सगळी कुटुंबे रस्त्यावर. मी सही केली. कागद वाचून सही करणे हे आमच्या घरात अविश्वासाचे लक्षण मानतात. पुढे कागद वाचला, तेव्हाही ही अट मला अत्यंत रास्त वाटली. आजही वाटते. फक्त त्या छायाचित्रात मी नसतो तर बरे झाले असते.

३. छायाचित्र काढण्याच्या दिवशी छायाचित्रकार जेवणानंतर अभ्यासिकेत आला. उजेड मनासारखा नव्हता. मला म्हणाला, “बसा साहेब निवांत, जरा ढग सरकू दे.” मी आरामखुर्चीत बसलो. जेवण झालेले, खुर्ची पणजोबांची, ढग सावकाश. मला डुलकी लागली. ढग सरकले तेव्हा मला उठवणे त्या भल्या माणसाला प्रशस्त वाटले नाही, आणि त्याने खोलीचे छायाचित्र काढले.

छायाचित्र अप्रतिम आले आहे, हे मला प्रामाणिकपणे नमूद करावेसे वाटते. मध्यभागी आरामखुर्ची. तीत मी, मान डावीकडे, तोंड अर्धवट उघडे. उजव्या पायातली चप्पल गळून पडलेली. शेजारच्या टेबलावर अर्धा प्यालेला चहा. भिंतीवर त्या महिन्याचे कॅलेंडर. आणि अगदी उजव्या कडेला, दाराच्या चौकटीतून आत आलेले एका स्त्रीचे कोपर. हे कोपर माझ्या पत्नीचे आहे. “अहो, चहा गार होतोय,” एवढे सांगायला ती आली होती. मी झोपलेला पाहून ती तशीच माघारी वळली. वळताना कोपर मागे राहिले.

४. छप्पर झाले. त्यानंतर घर लोकांना पाहण्यासाठी खुले झाले, आणि आपले जतन निरीक्षक आमच्याकडे मुक्कामास आले. सज्जन गृहस्थ आहेत. खिशात कायम फूटपट्टी असते, म्हणून स्वयंपाकघरातली मंडळी त्यांना फूटपट्टी म्हणतात. मीही सोयीसाठी तसेच म्हणतो. पहिल्याच सकाळी त्यांनी हातात छायाचित्र धरून अभ्यासिका तपासली आणि मला म्हणाले, “साहेब, खुर्ची जुळली. टेबल जुळलं. चप्पल जुळली. तुम्ही तेवढे राहिलात.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“अहो, मी काय टेबल आहे का?” मी म्हणालो.

“साहेब, टेबल असतात तर काही प्रश्नच नव्हता,” ते म्हणाले. “टेबलाला सांगावं लागत नाही.”

मी त्यांना विचारले की हे गमतीने तर चाललेले नाही ना. त्यावर ते म्हणाले, “मी गंमत करायच्या पदावर नाही, साहेब. बसा. लोक जिना चढतायत.”

मी बसलो. एक दिवसाचा प्रश्न आहे, असे मला वाटले होते.

५. यानंतर कोपराचा विषय निघाला. फूटपट्टींनी माझ्या पत्नीस अत्यंत अदबीने सांगितले, “बाईसाहेब, आम्हाला पूर्ण तुम्ही नकोत. फक्त डावं कोपर. दाराबाहेर उभं राहून एवढं आत ठेवायचं. बाकीच्या तुम्ही मोकळ्या. वाचा, विणा, काय हवं ते करा.”

पत्नी म्हणाली, “लग्न होऊन आल्यापासून मी या घरात अख्खी वावरतेय. तेव्हा कुणाला दिसले नाही. आता कोपराला भाव आलाय होय?”

“भाव नाही, बाईसाहेब. नोंद आहे.”

मग ती माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही काय बसून राहिलायत? बोला की काहीतरी.”

त्या वेळी प्रेक्षकांची पहिली तुकडी दारात आलेली होती. माझे तोंड उघडे होते, हे मी नाकारत नाही. परंतु ते छायाचित्राप्रमाणे उघडे होते. त्यातून काही बाहेर पडले असते तर करार गेला असता, छप्पर गेले असते आणि कुंपणवाली दोन्ही कुळे एकाच फुटपाथवर आली असती. 

“बरं,” पत्नी फूटपट्टींना म्हणाली. “कोपरच हवंय ना तुम्हाला? मग तुमच्या खात्याला कोपरापासून नमस्कार.”

तिने बॅग भरली आणि फाटकाजवळच्या रखवालदाराच्या रिकाम्या घरात राहायला गेली. ते घर आमच्याच आवारात, चढाच्या पायथ्याशी आहे. अभ्यासिकेच्या खिडकीतून त्याचे धुराडे दिसते, परंतु त्यासाठी मान उजवीकडे करावी लागते, आणि छायाचित्रात मान डावीकडे आहे.

६. पत्नीच्या जाण्याने दारातली जागा रिक्त झाली. आपल्या कार्यालयाने तत्परतेने ‘कोपर (कंत्राटी)’ असे पद निर्माण करून त्यावर एका निवृत्त शिवणशिक्षिकेची नेमणूक केली. बाई सालस आहेत. वेळेवर येतात, कोपर बरोबर ठेवतात, कधी खाजवत नाहीत. त्यांच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही, आणि या अर्जामुळे त्यांच्या नोकरीवर गदा येऊ नये अशी माझी इच्छा आहे. मात्र दुपारी डोळे किंचित किलकिले केले की दारात एक परके कोपर दिसते. पत्नीचे कोपर मी पूर्वी कधी निरखून पाहिले होते अशातला भाग नाही. पण हे ते नव्हे, एवढे मला कळते.

७. सुरुवातीस मी फक्त प्रेक्षकांच्या वेळेत बसावे असे ठरले होते. संध्याकाळी मी फाटकाकडे जाऊन पत्नीची समजूत काढीन, असा माझा विचार होता. परंतु छायाचित्रातील वस्तू बंद वेळेत इमारतीबाहेर नेता येत नाहीत, असा आपल्याकडे नियम असल्याचे निघाले. तेव्हापासून संध्याकाळी अभ्यासिका बाहेरून मोहोरबंद करण्यात येते. माझी निजण्याची सोय अभ्यासिकेला लागून असलेल्या कपड्यांच्या खोलीत, मोहरेच्या आतल्या बाजूस आहे. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मोहोर निघतच नाही. हा अर्ज मी अशाच एका सुट्टीच्या दिवशी, कपड्यांच्या खोलीत, उभ्याने लिहीत आहे. उभे राहायला मिळते तेवढे बरे वाटते.

चहाबद्दल सांगायचे तर रोज सकाळी टेबलावर अर्धा कप चहा ठेवण्यात येतो. तो मी पिऊ शकत नाही, कारण मग तो अर्धा राहत नाही. कपाळावर माशी बसली तर हाकलता येत नाही, कारण छायाचित्रात माझ्या कपाळावर एक काळा ठिपका आहे. छायाचित्रकाराच्या मते ती काचेवरची धूळ होती. फूटपट्टींच्या मते ती माशी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. “बसू द्या हो,” ते म्हणतात. “बसली तर जुळतंच आहे.”

८. आता संदर्भातील पत्रांविषयी. माझ्या मिशांची छटा छायाचित्राशी जुळत नसून मी दरवर्षी उत्तरोत्तर वृद्ध होत असल्याचे तपासणीत निदर्शनास आल्याने माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. मी खुलासा असा दिला की, ही प्रवृत्ती आमच्या घराण्यात पूर्वापार आहे; माझे वडील, आजोबा व पणजोबा या तिघांतही ती होती व तिघांच्याही बाबतीत ती शेवटपर्यंत आटोक्यात आली नाही. हा खुलासा असमाधानकारक ठरवण्यात आला. यापेक्षा समाधानकारक खुलासा माझ्याजवळ नाही, हे मी खेदपूर्वक कळवतो. मिशांना रंग लावण्यात येत आहे. गालांचे काय करावे याबाबत मार्गदर्शन व्हावे.

९. आपण विचाराल, मालक असा बसून असताना इस्टेट चालते कशी. आमचे कारभारी वयस्कर व इमानी गृहस्थ आहेत. त्यांना माझी भेट हवी असल्यास तिकीट काढून रांगेतून यावे लागते. अभ्यासिकेत प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोरीशी आले की ते हळूच विचारत, “मालक, कुंपणावरून परत जुंपलीय. खांब हलवायचा का नको?” मला उत्तर देता येत नसे. मागचे लोक ढकलत, आणि कारभारी उत्तराशिवाय पुढच्या खोलीत पणजोबांसमोर जाऊन पोहोचत.

अखेर त्यांनीच तोड काढली. “मालक, एकदा घोरलात तर हो. दोनदा घोरलात तर नाही. नाहीच घोरलात तर उद्या विचारतो.” झोपलेल्या माणसाने घोरणे छायाचित्राशी विसंगत नाही, असा अभिप्राय फूटपट्टींनीही दिला. त्यानंतर कारभार सुरळीत सुरू झाला. कुंपणाचा खांब हलला. तबेल्याची कौले बदलली. जी भांडणे पूर्वी महिनोन्‌महिने चालत ती एका घोरण्यात मिटू लागली. निकालाविरुद्ध कुळांनी अपील केले नाही. घोरणाऱ्या माणसाशी वाद घालणार कसा, असे त्यांचे म्हणणे पडले.

१०. घात झाला तो तळ्यामुळे. एके दुपारी कारभारी दोरीशी आले आणि म्हणाले, “मालक, तळं काठोकाठ आलंय. फळी सगळीच उचलू का?” दुर्दैवाने त्या वेळी मी खरोखरच झोपलेलो होतो. मी एकदा घोरलो. यामागे माझा कोणताही प्रशासकीय हेतू नव्हता.

फळी सगळी उचलण्यात आली. ती सगळी उचलायची नसते. बोटभर उचलायची असते, हे कारभाऱ्यांना माहीत होते, परंतु हुकूम म्हणजे हुकूम असे त्यांना आमच्याच वडिलांनी शिकवले आहे. पाणी चढावरून जे निघाले ते थेट फाटकाजवळच्या घरात. पत्नीने मेहनतीने लावलेले भाजीचे वाफे वाहून गेले. तिची बॅग व अंथरूण भिजले. स्वयंपाकघरात बेडूक आले. कारभारी धावत गेले आणि त्यांनी तिला जे खरे ते सांगितले : “बाईसाहेब, मालकांचा हुकूम होता.”

११. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या तुकडीत माझी पत्नी तिकीट काढून आली. चिखलाच्या चपला तिने दाराशी काढल्या, कंत्राटी कोपराला “जरा सरका हो” म्हणाली आणि दोरीपाशी येऊन उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं. पण बायकोच्या घरात तळं सोडायचं? तुमच्या आजोबांनी मेंढपाळांना हाकललं, ते निदान कोरडे गेले. मी काय म्हणून निघून गेले होते? तर तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीत म्हणून. आता उघडलंत, तर त्यातून हे निघालं?”

प्रेक्षक थांबले. मागच्या खोलीतलेही परत आले. पत्नी बोलत राहिली : वाफे, अंथरूण, बेडूक, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विसरलेली एक छत्री, माझ्या बहिणीने काढलेले उद्गार, आणि त्या उद्गारांवर मी न काढलेला चकार शब्द. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ते गालावरून खाली गेले आणि मला पुसता आले नाही. तिचे संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थांनी फूटपट्टींना विचारले, “दुपारी पण असतं का हे?”

फूटपट्टींनी नियम काढून पाहिले. वस्तूंना हात लावण्यास मनाई आहे. दोरी ओलांडण्यास मनाई आहे. वस्तूंशी बोलण्यास मनाई नाही.

१२. तेव्हापासून पत्नी रोज येते. पहिले काही दिवस राहिलेले भांडण पुरे करायला आली. भांडण संपल्यावरही आली. आता ती दोरीशी उभी राहून साध्या गोष्टी सांगते. फाटकाजवळच्या घराचा नळ गळतो. वाफ्यांत परत काहीतरी रुजतेय. कारभाऱ्यांना ऐकू कमी येऊ लागलेय, म्हणून आता त्यांच्यासाठी जरा मोठ्याने घोरा. मधूनच विचारते, “ऐकताय ना? का परत घोरून कुठलं धरण फोडताय?” एकदा म्हणाली, “तुम्हाला ‘बघू’ म्हणता येत नाही, हे एक बरं झालं. इतकी वर्षं मी बोलले की तुमचं आपलं ‘बघू’. आता बघूच नाही. नुसतं ऐकणं.”

महोदय, दिवसभरातला तेवढा वेळ मी सदर खुर्चीत स्वखुशीने असतो.

१३. परंतु या आठवड्यात तिने सांगितले की आता तिच्याने होत नाही. चढ चढून यायचे, वर जिना, आणि मग अभ्यासिकेत दोरीशी उभे. तिचे गुडघे पूर्वीचे राहिलेले नाहीत. तिचेही वय छायाचित्राशी जुळत नाही. तिचे शब्द मी जसेच्या तसे देत आहे : “उभं राहून नवऱ्याशी बोलायला मी काय वकील आहे? ताई कधीची बोलावतेय. तिच्याकडे भांडायला कोणी नाही, पण बसायला खुर्ची आहे. पुढच्या आठवड्यापासून मी तिकडे.” तिची बहीण दूर गावी राहते. तिथून रोज तिकीट काढून येणे कोणालाही शक्य नाही. ती जाताना मी घोरलो. दोनदा घोरलो. तिने मागे वळून पाहिले नाही, कारण ती खूण तिच्यासाठी ठरलेली नाही.

हा अर्ज मी त्यानंतर, अत्यंत घायकुतीला येऊन लिहीत आहे.

१४. माझ्या मागण्या खालीलप्रमाणे होत्या :

(अ) मला छायाचित्रातून वगळावे. ही मागणी मी फूटपट्टींना तोंडी सांगून पाहिली. ते म्हणाले, वगळायचे तर नवीन छायाचित्र काढावे लागेल. नवीन छायाचित्रासाठी खोली आधी जुन्या छायाचित्राशी जुळल्याचा दाखला लागेल. आणि ती जुळण्यासाठी मला बसावे लागेल. सबब ही मागणी मी मागे घेत आहे.

(ब) माझ्या जागी मेणाचा पुतळा बसवावा. आपल्या नियमानुसार मूळ वस्तू उपलब्ध असताना नक्कल ठेवता येत नाही. मूळ वस्तू उपलब्ध नसेल तेव्हा वारसांनी रीतसर अर्ज करावा, असे मला सुचवण्यात आले. सूचनेबद्दल आभारी आहे. ही मागणीही मागे घेत आहे.

(क) मला संध्याकाळपुरते फाटकापर्यंत जाऊ द्यावे. छायाचित्रातील वस्तू इमारतीबाहेर न्यायची झाल्यास ती गवतात गुंडाळून लाकडी पेटीत, ‘काच, सांभाळा’ असे लिहून न्यावी लागते, असे कळले. माझी याला तयारी होती. कारभाऱ्यांनी माझे मापही घेतले. परंतु त्यांनी ही योजना पत्नीच्या कानावर घालता ती म्हणाली, “पेटीतून आलात तर मी घेणार नाही. जिथून आलात तिथे परत पाठवीन.” सबब हीसुद्धा मागे.

१५. कोणी म्हणेल, उठून सरळ चालू का लागत नाही? महोदय, रोज सकाळी चप्पल काढून ठेवताना माझ्या मनात तेच येते. जिना उतरायचा, चढ उतरायचा आणि फाटकाजवळच्या घराचे दार वाजवायचे. पण मी उठलो की त्याच क्षणी करार मोडतो. कंत्राटदार अजून फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानात येऊन बसतो; माझी तब्येत कशी आहे, हे तो मोठ्या आपुलकीने विचारत असतो. कारभारी, स्वयंपाकीण, माळी, भांडणारी दोन्ही कुळे, अगदी शिवणशिक्षिकासुद्धा, सगळ्यांचा संसार माझ्या उघड्या तोंडावर उभा आहे. आणि ज्या दाराकडे मी जाणार, तेही इस्टेटीचेच आहे. मी तिथे पोहोचेपर्यंत तेही विकले जाणार. तेव्हा मी कुठेही जाऊ शकत नाही. मी जाऊ शकत नसल्याने, जी येते तिचे येणे बंद पडू नये, एवढेच आता माझ्या हाती उरले आहे. खरे तर तेही आपल्याच हाती आहे.

१६. सबब, सुटकेबाबतचा विषय विषयातच राहू देऊन, माझी आपणांस एकच विनंती आहे. अभ्यासिकेत दोरीच्या पलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूस, भिंतीलगत एक स्टूल ठेवण्यास परवानगी मिळावी. छायाचित्रकार त्याच बाजूस उभा होता, त्यामुळे ती जागा छायाचित्रात आलेली नाही, आणि तिथे स्टूल नव्हते असे आपल्या कार्यालयास सिद्ध करता येणार नाही. स्टूल साधे चालेल. पाठ नसली तरी चालेल. फार ठेंगणे मात्र नसावे, कारण ठेंगण्या स्टुलावरून उठताना तिला कोणाचा तरी हात लागतो, आणि माझा हात खुर्चीच्या दांड्यावर आहे.

आपला नम्र, व पुढील आदेश येईपर्यंत जागचा न हलणारा,

(सही)
मालक, मोठे घर
(अधिकृत छायाचित्रात आरामखुर्चीतील इसम)

दिनांक : खोलीतील कॅलेंडरावर अजून छायाचित्राचाच महिना आहे, खरी तारीख कृपया आपल्या आवक शिक्क्यावरून घ्यावी. पुढचा आठवडा परवापासून सुरू होतो, एवढे मला खात्रीने माहीत आहे.

सोबत :
१. अभ्यासिकेच्या अधिकृत छायाचित्राची प्रत.
२. दोरीपलीकडील जागेचे छायाचित्र : अस्तित्वात नाही, हाच पुरावा समजावा.